वेळासचीं कासवें आणि त्यांचे राखणदार

कोंकणांतील बहुतेक जुन्या देवळांत, सभामंडपाच्या फरशींत, देवाच्या समोर एक दगडी कासव बसविलेलें असतें. दर्शनास जाणारा मनुष्य त्याला हात लावून मगच पुढें जातो. विष्णूच्या दशावतारांत या प्राण्याला दुसरें स्थान आहे, आणि संतवाङ्मयांत तर कासवीच्या दृष्टीचा दृष्टांत वारंवार येतो. कासवी आपल्या पिलांना पाजीत नाहीं, भरवीत नाहीं. ती एका तीरावर व पिलें दुसऱ्या तीरावर असलीं तरी नुसत्या दृष्टीनें ती त्यांचें पोषण करते, अशी ती कल्पना आहे. कल्पना मोठी गोड खरी. परंतु समुद्रांतील कासवाची मादी आपल्या पिलांकडे कधींच पाहत नाहीं. तीं जन्मास आलीं कीं नाहीं, हेंहि तिला कळत नाहीं. आणि ज्या कोंकणांत दगडी कासवाला रोज नमस्कार घडतो, त्याच कोंकणच्या किनाऱ्यावर जिवंत कासवाचीं अंडीं उकरून खाण्याची व बाजारांत विकण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. ही विसंगति कोणास फारशी खटकत नसे.

ही चाल महाराष्ट्रांतील ज्या एका लहानशा गांवीं लोकांच्याच हातून मोडली, त्या गांवाचें नांव वेळास. रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदीं उत्तर टोंकाला, मंडणगड तालुक्यांत, सावित्री नदी जेथें समुद्रास मिळते त्या बाणकोटच्या खाडीजवळ हें गांव वसलें आहे. खाडीच्या पलीकडे रायगड जिल्ह्यांतील हरिहरेश्वर. अलीकडे बाणकोटचा हिंमतगड, ज्याला इंग्रजांनीं व्हिक्टोरियाचा किल्ला असें नांव दिलें होतें. पेशवाईंतील प्रसिद्ध मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या घराण्याचें मूळ गांव हेंच. नारळीपोफळींच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे, कौलारू घरें, मध्यें अरुंद पाखाडी, आणि वस्तीपासून थोडें चालून गेल्यावर सुरूच्या झाडांची रांग व तिच्यापुढें लांबवर पसरलेली पुळण, असें या गांवाचें रूप आहे. नोकरीधंद्यासाठीं तरुण मंडळी मुंबईस जावीं आणि मागें वडीलधारीं माणसें राहावीं, ही कोंकणची नेहमींची कथा येथेंहि होतीच.

या पुळणीवर जें कासव अंडीं घालण्यास येतें त्यास इंग्रजींत ऑलिव्ह रिडले म्हणतात. पाठीचा रंग ऑलिव्हच्या फळासारखा हिरवट करडा, म्हणून हें नांव पडलें. भारताच्या समुद्रांत कासवांच्या पांच जाति आढळतात; त्यांत आकारानें सर्वांत लहान ही. लहान म्हणजे तरी पाठीची लांबी दोन फुटांहून थोडी अधिक आणि वजन चाळीस किलोंच्या आसपास. ओडिशाच्या किनाऱ्यावर गहिरमाथा व ऋषिकुल्येचें मुख या ठिकाणीं हींच कासवें कांहीं रात्रींत लाखांच्या संख्येनें वर येतात. तो देखावा जगांत फार थोड्या ठिकाणीं दिसतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मात्र तीं एकएकटीं, कधीं आठवड्यांत एक, कधीं एका रात्रींत दोन, अशीं येतात. त्यामुळें त्यांच्याकडे कित्येक वर्षें कोणा शास्त्रज्ञाचें विशेष लक्ष गेलें नव्हतें. कोल्ह्यांचें, कुत्र्यांचें व माणसांचें मात्र गेलेलें होतें.

नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत हा विणीचा हंगाम चालतो. मादी रात्रीं भरतीबरोबर किनाऱ्यास लागते. पाण्यांत चपळ असणारा हा प्राणी जमिनीवर फार जड होतो. वल्ह्यांसारख्या पायांनीं शरीर ओढीत ती भरतीच्या रेषेच्या वर येते, जागा पसंत पडली नाहीं तर तशीच परत फिरते, आणि पसंत पडली तर मागील पायांनीं वाळू उपसूं लागते. हा खड्डा पाहण्यासारखा असतो. वर अरुंद, खालीं रुंद, एखाद्या सुरईसारखा, सुमारें दीड फूट खोल. आणि हें सारें काम ती मागें वळून न पाहतां करते. त्यांत शंभराच्या आगेमागें अंडीं घालावयाचीं, वाळू लोटावयाची, अंगाचा भार डावीउजवीकडे टाकून ती धोपटून घट्ट करावयाची, आणि पुनः पाण्याची वाट धरावयाची, एवढें झालें कीं तिचें आईपण संपलें. या वेळीं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतें. तें पाहून अनेकांस गहिंवर येतो. परंतु तें दुःखाचें पाणी नव्हे. समुद्राच्या पाण्याबरोबर पोटांत जाणारें जास्तीचें मीठ बाहेर टाकण्याची ती निसर्गाची योजना आहे, आणि तें पाणी समुद्रांतहि वाहतच असतें.

अंड्यांना ऊब देण्याचें काम वाळू करते. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिलें तयार होतात. थंडी अधिक असली तर दिवस वाढतात. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, पिलूं नर होणार कीं मादी, हें वाळूच्या उष्णतेवर ठरतें. सुमारें २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ही सीमारेषा आहे. वाळू त्याहून थंड असेल तर नर अधिक निपजतात, आणि तापलेली असेल तर माद्या अधिक. पृथ्वीचें तपमान वाढत चाललें असतां या गणिताचें पुढें काय होईल, ही काळजी आज शास्त्रज्ञांस लागून राहिली आहे.

कवच फोडल्यावर पिलूं लगेच वर येत नाहीं. खालचीं पिलें वळवळतात, वरच्यांना ढकलतात, वाळू ढांसळून तळाशीं जाते आणि सारा घोळका हळूहळू वर चढतो. दिवसाचा ताप लागला तर तीं थांबतात. रात्रीं किंवा पहांटे गारवा आला म्हणजे वर येतात. वर आल्यावर जिकडे उजेड, तिकडे धांव. अंधाऱ्या रात्रींहि समुद्राच्या बाजूचें क्षितिज जमिनीपेक्षां उजळ असतें, म्हणून ही खूण युगानुयुगें पुरेशी होती. आतां किनाऱ्यावर एखादा विजेचा दिवा लागला कीं पिलें समुद्राकडे पाठ करून त्या दिव्याकडे चालूं लागतात, आणि सकाळीं कावळ्यांच्या हातीं लागतात. हजार पिलांतून एखादेंच वाढून मोठें होतें असें सांगण्यांत येतें. जें होतें, त्याची मादी बहुधा आपण जन्मलों त्याच भागांतील किनाऱ्यावर, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आधारानें वाट काढीत, अंडीं घालण्यास परत येते. नराला तर एकदां पाण्यांत शिरल्यावर जमिनीचें दर्शन बहुधा घडत नाहीं.

आतां या कथेंत माणूस कसा आला, तें पाहूं. चिपळूण येथें १९९२ सालीं सह्याद्रि निसर्गमित्र नांवाची संस्था स्थापन झाली. भाऊ काटदरे हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. या मंडळींनीं आरंभीं समुद्रगरुडांच्या घरट्यांची पाहणी हातीं घेतली होती. पांढऱ्या पोटाचा हा मोठा पक्षी किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर घर करतो, म्हणून त्याच्या शोधांत ते गांवोगांव हिंडत होते. अशा हिंडण्यांत २००२ सालीं वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांचीं कवचें पडलेलीं दिसलीं. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, येथें कासवें येतात, आणि त्यांचीं घरटीं उकरून नेलीं जातात.

कायदा तेव्हांहि होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत या कासवाचें नांव आहे. म्हणजे वाघाला जें संरक्षण तेंच याला. आजच्या तरतुदीप्रमाणें अशा गुन्ह्यास तीन ते सात वर्षें कैदेची शिक्षा आहे. पण रात्रीच्या काळोखांत, मैलभर पसरलेल्या निर्जन वाळूवर कायदा उभा राहत नाहीं. तेथें माणूसच उभा राहावा लागतो. आणि तो माणूस चिपळूणहून रोज येणें शक्य नव्हतें. तेव्हां संस्थेनें जें केलें तें साधेंच, परंतु शहाणपणाचें होतें. तिनें गांवकऱ्यांस गुन्हेगार ठरविलें नाहीं. ग्रामपंचायतीपुढें विषय मांडला, शाळेंतील मुलांपुढें मांडला, आणि गस्तीच्या कामासाठीं गांवांतलेच लोक मानधनावर नेमले. घरटें हुडकण्याची कला पुस्तकांत शिकतां येत नाहीं. वाळूवरील मादीच्या पावलांचा माग जाण्याचा कोणता व येण्याचा कोणता, अंडीं न घालतां ती फिरून गेली कीं घालून गेली, कोठें काठी टोंचली असतां ती सहज आंत जाते, हें ज्याला अनेक वर्षांच्या संवयीनें ठाऊक, त्याच्याइतका चांगला राखणदार बाहेरून कोठून आणणार? काठीच्या जागीं बोटांनीं चांचपावयाचें, एवढाच फरक करावयाचा होता. पहिल्याच हंगामांत सुमारें ५० घरटीं रक्षिलीं गेलीं आणि अडीच हजारांहून अधिक पिलें समुद्रांत गेलीं. ज्या किनाऱ्यावर आदल्या वर्षापर्यंत घरटें सांपडणें म्हणजे अंड्यांची टोपली घरीं नेणें असा अर्थ होता, तेथें ही संख्या अल्प म्हणतां येणार नाहीं.

कामाची रीत थोडक्यांत अशी. हंगामांत रोज पहांटे, उजाडण्यापूर्वीं, कासवमित्र किनाऱ्याचें एक टोंक गांठतो व माग पाहत दुसऱ्या टोंकापर्यंत चालत जातो. कासवमित्र हा शब्द आतां कोंकणांत चांगलाच रुळला आहे. घरटें सांपडलें कीं वाळू हातांनीं हलकेच दूर करावयाची, खड्ड्याची खोली व रुंदी मापावयाची, अंडीं मोजून थोड्या वाळूसह टोपलींत ठेवावयाचीं आणि भरतीच्या पाण्यापासून दूर, जाळीचें कुंपण घातलेल्या जागेंत न्यावयाचीं. येथें मूळच्याच मापाचा खड्डा खणून तीं पुनः पुरावयाचीं, आणि तारीख व संख्या लिहिलेली पाटी वर रोवावयाची. हें सारें घातल्यापासून थोड्या तासांच्या आंत उरकावें लागतें. कारण कांहीं वेळानें अंड्यांतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो, आणि त्यानंतर अंडें उलटें झालें तर तो मरतो. म्हणून अंडें उचलतांना तें ज्या बाजूनें होतें त्याच बाजूनें ठेवण्याची कटाक्षानें काळजी घेतात. एका माणसाला हें काम करतांना पाहिलें म्हणजे सोनाराच्या दुकानांत बसल्यासारखें वाटतें. दीड महिना लोटत आला कीं प्रत्येक घरट्यावर वेताची टोपली पालथी घालतात व ती दिवसांतून अनेक वेळां उचलून पाहतात. खालीं वाळू किंचित् खचलेली दिसली, कीं पाहुणे येण्याची वेळ झाली असें समजावें.

अंडीं हलविणेंच योग्य काय, असा प्रश्न जाणकार विचारतात आणि तो रास्त आहे. निसर्गतः जेथें घरटें झालें तेथेंच तें राखतां आलें तर उत्तम. कारण जागा बदलली कीं वाळूची ऊब बदलते आणि तिच्याबरोबर नर-मादीचें प्रमाणहि बदलूं शकतें. पण जेथें कोल्ही रात्रभर हिंडतात, भटकीं कुत्रीं वाळू हुंगत फिरतात, समुद्र दरवर्षीं थोडा थोडा किनारा खातो, तेथें दूरदूर विखुरलेल्या घरट्यांवर पहारा ठेवणें दोन-चार माणसांच्या आवांक्याबाहेरचें आहे. कुंपणाचा मार्ग हा पहिल्या पसंतीचा नव्हे, अडचणींतला मार्ग आहे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

गांवकऱ्यांनीं अंडीं खाणें सोडलें, तें मानधनामुळें सोडलें कीं मनापासून, याचा निवाडा करणें कठिण आहे. परंतु मानधन चार-पांच जणांनाच मिळे, गांव तर सगळें होतें. आणि ज्या गोष्टीचा लाभ चौघांपुरता, तिची आस्था गांवाला किती दिवस वाटणार? या विचारांतून २००६ सालीं कासव-महोत्सव निघाला. पिलें समुद्रांत सोडलीं जातात तो देखावा पाहण्यास बाहेरच्या लोकांनीं यावें, गांवांतल्याच घरांत राहावें, तेथेंच जेवावें, आणि त्याचा मोबदला त्या त्या घराला मिळावा, अशी ही योजना. उपाहारगृह बांधावयाचें नाहीं, तंबू ठोकावयाचे नाहींत. पडवींत अंथरूण, विहिरीवर स्नान, आणि जेवणांत घरचे लोक जें जेवतात तें : तांदुळाची भाकरी, कुळथाचें पिठलें, सोलकढी, सणासुदीसारखी वेळ असली तर उकडीचे मोदक. मुंबई-पुण्याचीं मुलें, ज्यांनीं शेणानें सारवलेली जमीन पूर्वीं पाहिलेली नसते, तीं येथें सारवणावर मांडी घालून जेवतात. गांवांतील बायकांच्या हातीं स्वतःच्या कष्टाचे चार पैसे आले, हा या योजनेचा जो परिणाम झाला, त्याची नोंद घरट्यांच्या पाट्यांवर होत नाहीं. पण हल्लीं कासव आलें कीं नाहीं याची विचारपूस चुलीपाशीं बसूनहि होते, ती त्यामुळेंच. पुढें उत्सवाची व्यवस्था ग्रामस्थांनीं आपल्याच हातीं घेतली, वनखात्यानें पाठबळ दिलें, आणि संस्था हळूहळू मागें सरली. चांगल्या संस्थेला मागें केव्हां सरावें हें कळतें. पुष्कळांना तें कळत नाहीं.

उत्सव म्हटला कीं मांडव, ध्वनिक्षेपक, मिरवणूक असें चित्र डोळ्यांपुढें येतें. येथें त्यांपैकीं कांहींच नाहीं. सकाळीं लवकर व संध्याकाळीं सूर्यास्ताच्या सुमारास लोक पुळणीवर जमतात. पाण्यापर्यंतच्या वाळूचा एक पट्टा दोन दोऱ्यांनीं मोकळा राखलेला असतो, आणि प्रेक्षक त्या दोऱ्यांच्या बाहेर बसतात. टोपल्या उचलल्या जातात. पिलें निघालीं असलीं तर मोजून तीं पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूवर ठेवतात. तीं थेट पाण्यांत सोडीत नाहींत. तें अंतर त्यांनीं स्वतः चालावें असा संकेत आहे. त्या चालण्यांतच किनाऱ्याची ओळख त्यांच्यांत ठसते असें मानलें जातें. तळहाताहून लहान, काळसर, ओल्या वाळूंत पावलोपावलीं अडखळणारा तो जीव पहिल्या लाटेनें परत फेंकला जातो, पुनः उठतो, दुसऱ्या लाटेनें पुनः फेंकला जातो, आणि तिसऱ्या कीं चवथ्या लाटेबरोबर दिसेनासा होतो. हें पाहतांना दोनशें माणसांचा जमाव एकदम स्तब्ध होतो.

आणि पिलें निघालीं नाहींत तर? अशी वेळ पुष्कळदां येते. सुट्टीचे दिवस हेरून, लांबचा प्रवास करून आलेलें कुटुंब दोन सकाळीं व एक संध्याकाळ वाट पाहतें आणि टोपलीखालीं वाळूच निघते. मग कुरबुर होते. पैसे भरले, तेव्हां पिलूं दिसलेंच पाहिजे, असा सूर कांहीं लोक लावतात. येथेंच या सबंध उपक्रमाचा नाजूक भाग आहे. नुकतें बाहेर आलेलें पिलूं विलक्षण उतावळें असतें. पोटांतील शिल्लक बलकाच्या बळावर तें पहिले एक-दोन दिवस अखंड पोहत खोल समुद्र गांठतें, कारण कांठाजवळच्या पाण्यांत त्याला खाणारे मासे फार. रात्रीं निघालेलीं पिलें सकाळच्या पाहुण्यांसाठीं टोपलींत वळवळत ठेवलीं, किंवा सकाळचीं संध्याकाळसाठीं ठेवलीं, तर हीच शिदोरी वाळूवर व्यर्थ खर्च होते. पाहुण्यांची सोय आणि पिलांची निकड यांत जेथें जेथें विरोध येईल, तेथें पाहुण्यांनीं निमूट परत जावें, हाच नियम असला पाहिजे. आणि जो गांव हा नियम शिथिल करील, त्याच्या उत्सवांतून कासव वजा होऊन नुसती जत्रा उरेल. गर्दीचे इतर उपद्रव उघडच आहेत. छायाचित्रांसाठीं प्रखर दिवे चमकविणें, मोटारी पुळणीवर नेणें, दोरी ओलांडून पिलाला हात लावणें, खाऊचे कागद वाऱ्यावर सोडणें, यांचा बंदोबस्त करतांना कासवमित्रांचा जेवढा वेळ जातो तेवढा कोल्ह्यांच्या बंदोबस्तांतहि जात नसेल.

वेळासचा कित्ता पुढें इतर गांवांनीं गिरविला. दापोली तालुक्यांत आंजर्लें, तसेंच गुहागर, आणि उत्तरेस हरिहरेश्वर व दिवेआगर, दक्षिणेस वेंगुर्ल्याजवळचें वायंगणी, अशा अनेक किनाऱ्यांवर घरटीं राखलीं जाऊं लागलीं. गुहागरच्या लांब पुळणीवर तर अलीकडे वेळासहून पुष्कळ अधिक घरटीं सांपडतात. गोव्यांत मोरजी, आगोंद व गालजीबाग येथें असेंच काम चालतें. पूर्व किनाऱ्यावरील मद्रास शहरांत, म्हणजे आजच्या चेन्नईंत, तर १९८८ पासून विद्यार्थ्यांचें एक मंडळ हंगामभर रात्रीं मैलोगणती किनारा पायीं चालून घरटीं शोधतें, व नागरिकांनाहि बरोबर नेतें. शहराच्या दिव्यांच्या झगमगाटांत हें करावें लागतें, म्हणून त्यांचें काम अधिक कष्टाचें. मुंबईंत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोज शाह या वकिलाच्या पुढाकारानें शेंकडों स्वयंसेवक दर आठवड्यास कचरा उपसूं लागले. आणि मार्च २०१८ मध्यें त्याच वाळूंतून कासवाचीं कांहीं दशकें पिलें निघून समुद्राकडे गेलीं, तेव्हां मुंबईकरांस आपल्या दारीं काय घडतें आहे याचा पत्ता लागला.

हीं कासवें किनारा सोडल्यावर कोठें जातात, हें फार दिवस गूढच होतें. जानेवारी २०२२ मध्यें वनखात्याचें कांदळवन प्रतिष्ठान व डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनीं वेळासला अंडीं घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं संधान ठेवणारें यंत्र बसविलें, व तिचें नांव प्रथमा असें ठेविलें. पश्चिम किनाऱ्यावर असा प्रयोग झालेलें हें पहिलेंच ऑलिव्ह रिडले. मादी पृष्ठभागावर श्वास घेण्यास आली म्हणजे तिचा ठावठिकाणा उपग्रहाकडे जातो. त्यानंतरच्या वर्षीं गुहागरहून निघालेली बागेश्री नांवाची मादी दक्षिणेकडे जात कन्याकुमारीस वळसा घालून श्रीलंकेच्या बाजूनें बंगालच्या उपसागरांत शिरली. पूर्वेचीं कासवें निराळीं व पश्चिमेचीं निराळीं, अशी जी सर्वसाधारण समजूत होती, तिला यामुळें धक्का बसला. मग जानेवारी २०२५ मध्यें याच्या उलट प्रकार घडला. गुहागरच्या पुळणीवर अंडीं घालण्यास आलेल्या एका मादीच्या पायांत धातूची खूणपट्टी आढळली. तिच्यावरील आंकड्यावरून असें निघालें कीं, ती पट्टी २०२१ सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला लावलेली होती. ओडिशापासून गुहागरपर्यंतचें सागरी अंतर सुमारें ३,५०० किलोमीटर भरतें. एकच मादी एका वर्षीं पूर्व किनाऱ्यावर व पुढें पश्चिम किनाऱ्यावर अंडीं घालते, हें या कासवांविषयींच्या माहितींत अगदींच नवें होतें; आणि तें कळलें तें कासवमित्र त्या रात्रीं वाळूवर हजर होते म्हणून.

किनाऱ्यावर पहारा कितीहि कडक असला तरी समुद्रांत तो चालत नाहीं. मोठ्या कासवाला खरा धोका जाळ्याचा. यांत्रिक नौकांच्या ओढजाळ्यांत तें अडकलें कीं वर येऊन श्वास घेतां येत नाहीं, आणि तें बुडून मरतें. कासवाला बाहेर पडण्याची वाट ठेवणारी एक चौकट ओढजाळ्यांत बसवितां येते, परंतु तिच्या वाटें मासळीहि निसटते अशी तक्रार करून मच्छीमार ती टाळतात. तिच्या अभावींच अमेरिकेनें २०१९ पासून भारतांतील समुद्रांत पकडलेली कोळंबी घेणें बंद केलें, तेव्हां हा प्रश्न निर्यातीच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोंचला. महाराष्ट्र सरकारनें २०१८ च्या अखेरीस अशी सवलत जाहीर केली कीं, जाळ्यांत सांपडलेलें कासव, देवमासा वा तत्सम संरक्षित प्राणी सोडविण्यासाठीं कोळ्यानें आपलें जाळें कापलें तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. ही योजना, छायाचित्राचा पुरावा मागणारी असली तरी, योग्य दिशेची आहे. गरिबाला जाळें हें त्याच्या शेतासारखें असतें. तें कापण्याचें पुण्य त्याच्या एकट्याच्या खर्चानें घडावें अशी अपेक्षा कोणी धरूं नये. जखमी होऊन किनाऱ्यास लागणाऱ्या कासवांसाठीं डहाणू येथें शुश्रूषेची सोय आहे, आणि तुटलेल्या पायाचीं कित्येक कासवें तेथें महिनोन्‌महिने सांभाळलीं जातात.

वेळासला जाण्याचा विचार ज्या श्रोत्यांच्या मनांत आला असेल, त्यांनीं फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंतचा काळ धरावा. मात्र दर वर्षाच्या तारखा कासवें ठरवितात, म्हणून गांवांत आधीं विचारपूस करून, घर ठरवून मगच निघावें. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यास मंडणगडवरून जाणारी वाट सरळ आहे. श्रीवर्धनच्या बाजूनें येणारे बागमांडल्यास फेरीबोटींत मोटारीसकट चढून खाडी ओलांडतात. बरोबर विजेरी असावी, पण तिच्यावर तांबडा कागद गुंडाळलेला असावा. कपडे भडक नसावे. मुलांना अगोदर सांगून ठेवावें कीं कदाचित् कांहींच दिसणार नाहीं. ज्यांना केवळ पाहुणे म्हणून न जातां हातभार लावावयाचा असेल, त्यांनीं डिसेंबर-जानेवारींत जावें. तेव्हां गर्दी नसते, पिलेंहि नसतात. पहांटेच्या थंडींत कासवमित्राबरोबर पुळणीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत चालावें लागतें, वाटेंत लाटांनीं आणून टाकलेले जाळ्यांचे तुकडे व बाटल्या गोळा कराव्या लागतात, आणि बहुतेक दिवशीं वाळूवर कुत्र्यांच्या पावलांखेरीज दुसरा माग नसतो. ज्या दिवशीं असतो, त्या दिवशीं टोपली धरावयाला एक माणूस हवाच असतो.